बाड सापडलेल्या वाचकांना खुलं पत्र

मित्रहो,

स. न. वि. वि.

तुम्हाला एका अपरिचित लेखकाच्या कथा सापडल्या आहेत. वारलेल्या नातेवाइकाच्या कपाटात, जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात, नाहीतर कुणाच्या तरी बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर. लेखकाचं एकही पुस्तक नाही. फार तर एखाद्या मासिकात कधीकाळी एक कथा आलेली. तुम्ही सहज म्हणून चार पानं चाळली आणि हातातलं काम विसरलात. इतका चांगला लेखक आणि कुणालाच कसा माहीत नाही, या विचारानं तुम्हाला चैन पडेना. मग तुम्ही मोबाइलवर पानांचे फोटो काढलेत, पीडीएफ केलीत आणि ‘हे वाचाच’ असं लिहून ओळखीच्यांना पाठवून दिलीत.

त्या पीडीएफबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवरून मजकूर टाइप करून घ्यायचा, प्रुफं तपासायची, मूळ पानाशी ताडून पाहायची, हा माझा धंदा. लेखक हयात नसलेली बाडं माझ्याकडे येतात ती वारस घेऊन येतात किंवा तुमच्यासारखे झपाटलेले वाचक. तेव्हा तुमच्या आनंदाशी माझं भांडण नाही. तुम्ही नसता तर त्यातले निम्मे कागद रद्दीत गेले असते, हेही मला पक्कं ठाऊक आहे. घर आवरणाऱ्या माणसाला वह्या म्हणजे अडगळ वाटते आणि त्याचंही काही चुकत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कथा सापडल्या की शोधणारा त्यांच्यापुढे येऊन उभा राहतो. ‘कशा सापडल्या’ ही गोष्ट इतकी रंगते की ‘काय सापडलं’ हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

हेन्री डार्गरचं उदाहरण घ्या. हा शिकागोतल्या रुग्णालयांत झाडलोटीची कामं करणारा, एकटा राहणारा माणूस. 1973 मध्ये तो वारला. त्याच्या थोडं आधी त्याची भाड्याची खोली रिकामी करताना घरमालकाला 15,145 पानांची टंकलिखित कादंबरी आणि शेकडो चित्रं मिळाली. आज डार्गरची चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. त्याच्यावर पुस्तकं निघाली, माहितीपट निघाला. त्याचं नाव ऐकलेल्या कुणालाही विचारा, तो तुम्हाला ती खोली, तो घरमालक, ते झाडूकाम सगळं सांगेल. कादंबरीत मात्र काय आहे? गुलाम केलेल्या मुलांनी मोठ्या माणसांविरुद्ध पुकारलेलं बंड आहे आणि त्याच्या अग्रभागी सात बहिणी आहेत. ती कादंबरी आजवर संपूर्ण छापली गेलेली नाही. पंधरा हजार पानं कोण छापणार, हे मला मान्य. पण तुम्हाला सापडलेल्या कथा पंधरा हजार पानांच्या नाहीत. त्या दोन-चार आठवड्यांत वाचून होतील एवढ्याच आहेत. आणि तरीही, स्पष्ट लिहितो, तुमच्यापैकी बहुतेकांनी त्या पूर्ण वाचलेल्या नसतात.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. बाड घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, यातल्या वाईट कथा कोणत्या? समोरचा गोंधळतो. त्याच्या डोक्यात तीन कथा असतात, तिन्ही अफलातून. बाकीच्या ‘त्याच तोडीच्या’ असतात. पण कुठल्याही लेखकाच्या तीस कथा एका तोडीच्या नसतात. त्यात फसलेल्या असतात, दुसऱ्या कुणासारख्या लिहून पाहिलेल्या असतात, एकच प्रसंग चार वेगवेगळ्या कथांतून पुन्हा पुन्हा आलेला असतो. त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगावरूनच तर कळतं की हा माणूस आयुष्यभर कशापाशी अडला होता. तीन कथा उचलून ‘दुर्लक्षित प्रतिभावंत’ असा शिक्का मारला की हे सगळं जातं. वाचकाच्या अपेक्षा आभाळाला भिडतात, चौथी कथा हातात पडते, ती बेताची निघते आणि लेखक दुसऱ्यांदा विस्मरणात जातो. या वेळी त्याला तिथे पोचवणारे आपण असतो.

आता फोटोंकडे येतो, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथे होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

स्कॅन करायच्या मोबाइल ॲपमध्ये कागद पांढराशुभ्र करून देणारी सोय असते. पिवळट पान, मागच्या बाजूची उमटलेली शाई, डाग, सगळं घालवून ते अक्षरं काळीभोर करतं. दिसायला झकास. पण त्याच झटक्यात ते पेन्सिलीची फिकट अक्षरंही कागदाचा मळ समजून पुसून टाकतं. आणि पुष्कळ लेखक शेवटचा हात पेन्सिलीनंच फिरवतात! एका बाडात मी हे प्रत्यक्ष पाहिलं. शाईनं लिहिलेल्या कथेचा शेवट असा होता की भाऊ परत येतो. समासात, बारीक पेन्सिलीनं, वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारून शेवटचे दोन परिच्छेद काढलेले होते आणि खाली एकच ओळ घातली होती. त्या ओळीत भाऊ येत नाही. लोकांमध्ये फिरलेल्या पीडीएफमध्ये भाऊ आलेला होता. शेकडो लोकांनी वाचलेली ती कथा लेखकानं स्वतः रद्द केलेली होती.

म्हणून मूळ पानांचे फोटो काढायचे तर रंगीत काढा, कडा न कापता काढा, कोरी पानंही काढा. वहीत मध्येच घातलेली चिठ्ठी, दुमडलेला कागद, टाचणीनं जोडलेला तुकडा हे सगळं जिथे होतं तिथेच ठेवून आधी एक फोटो घ्या आणि मगच ते उलगडा. वह्यांचा क्रम बदलू नका. तुम्हाला तो क्रम निरर्थक वाटत असेल, पण कुठली कथा कुठल्या कथेनंतर लिहिली हे सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो.

कॉम्प्युटरवरच्या फाइलींचंही तेच. जुनी फाइल उघडून तशीच ‘सेव्ह’ केली की तिची शेवटच्या बदलाची तारीख आजची होऊन बसते. लेखकानं ती कथा कधी हातावेगळी केली याचा तो कदाचित एकमेव पुरावा असतो. आधी सगळ्याची प्रत करा, मूळ बाजूला ठेवा, प्रतीवर काम करा. मराठी बाडांना तर आणखी एक शाप आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना एकसारखी कळणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत, रुळायच्या आधी टाइप केलेला मजकूर जुन्या फॉण्टांत असतो. तो फॉण्ट तुमच्याकडे नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, आणि लोक ‘फाइल खराब झाली’ म्हणून ती उडवून टाकतात. फाइल खराब झालेली नसते. फॉण्ट कोणता ते शोधा आणि मजकूर रूपांतरित करून घ्या. मात्र रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर पुढे सरकतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र गायब होतो. हे एकेक अक्षर मुळाशी ताडून पाहावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, आणि माझ्यासारख्यांचं पोट त्यावरच चालतं.

पण ताडून पाहणं वेगळं आणि सुधारणं वेगळं. मूळ लेखक शुद्धलेखनात कच्चा असेल, त्याची वाक्यं अर्धवट तुटत असतील, तो पूर्णविरामाच्या जागी नुसत्या आडव्या रेघा मारत असेल, तर हात शिवशिवतात. अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 मध्ये गेली, तेव्हा तिच्या बहिणीला घरात हातानं शिवलेल्या चाळीसेक पुस्तिका मिळाल्या. 1890 मध्ये त्यांतल्या निवडक कविता छापून आल्या, पण कशा? संपादकांनी तिच्या त्या प्रसिद्ध आडव्या रेघा काढून रीतसर विरामचिन्हं घातली, काही यमकं नीट बसवली, कवितांना मथळे दिले. हेतू वाईट नव्हता. वाचकांना रुचावं म्हणून केलं. तिच्या सगळ्या कविता मुळाबरहुकूम वाचायला मिळायला 1955 साल उजाडलं, आणि तिनं ज्या क्रमानं त्या पुस्तिका शिवल्या होत्या तो क्रम छापील रूपात यायला 1981. तिचे संपादक तरी जाणकार होते. तुम्ही-आम्ही ‘जरा साफसूफ’ केलेली कथा मुळावर आणायला पुढे कुणी येईल, याची खात्री काय?

खाडाखोडीचा दुसरा एक पदर आहे, आणि तो मला जास्त छळतो. वर सांगितलेल्याच बाडात एका कथेच्या नायिकेचं नाव पहिल्या काही पानांवर दर वेळी दोन आडव्या रेघांनी खोडलेलं होतं. वर हंसपद, म्हणजे राहिलेला शब्द घालायची खूण, देऊन दुसरं नाव घातलं होतं. पुढच्या पानांपासून नवं नाव सरळ, खाडाखोडीशिवाय. म्हणजे लेखक रुळला होता. मग बऱ्याच पुढे, भांडणाच्या प्रसंगात, जुनं नाव एकदाच निसटून आलेलं होतं, आणि ते खोडायचं राहून गेलं होतं. घरच्यांना ते नाव कुणाचं हे सांगावं लागलं नाही. ती बाई हयात होती. लेखकानं तिला झाकण्यासाठी घेतलेली सगळी मेहनत त्या खोडलेल्या नावांत दिसत होती, आणि दोन रेघांखालचं नाव फोटोत अगदी स्वच्छ वाचता येत होतं. आम्ही टाइप केलेल्या मजकुरात सगळीकडे नवं नाव ठेवलं, निसटलेलंही बदललं, आणि तसं केल्याची नोंद वारसांकडच्या प्रतीवर केली. त्या पानांचे फोटो मात्र बाहेर जाऊ दिले नाहीत. खासगी कथांत हे हमखास असतं. छापायचं नाही म्हणून लिहिणारा बेसावध असतो. तो भावाचं कर्ज, वहिनीचं आजारपण, शेजाऱ्याचं लफडं जसंच्या तसं उतरवतो. तुम्हाला ती ‘कल्पित कथा’ वाटते. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना ती तशी वाटणार नाही.

आता परवानगी. वही तुमच्या हातात आहे, तुम्ही ती पैसे देऊन घेतली आहे, म्हणून तिच्यातली कथा तुमची होत नाही. हा भेद फार जुना आहे. 1741 मध्ये इंग्लंडात अलेक्झांडर पोप या कवीनं आपली खासगी पत्रं छापणाऱ्या एडमंड कर्ल या पुस्तकविक्रेत्याला कोर्टात खेचलं. तेव्हा न्यायाधीशांनी निवाडा दिला की पत्र ज्याला आलं त्याची मालकी फार तर कागदावर. मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. आजही बहुतेक ठिकाणी पाया हाच आहे. या हक्काच्या मुदती देशोदेशी वेगळ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यात साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपीय संघात 70. पण त्यातही एक मेख आहे, जी भल्याभल्यांना माहीत नसते: भारतात लेखकाच्या पश्चात प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची 60 वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा ‘तो जाऊन जमाना झाला, आता कोण विचारतंय’ हा हिशेब अप्रकाशित कथेला जसाच्या तसा लागू होत नाही. वारसांचा पत्ता लागतच नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन रीतसर परवाना मागायची तरतूद आपल्या कायद्याच्या कलम 31अ मध्ये आहे. खटपटीचं आहे, पण वाट आहे. डार्गरच्या बाबतीत तर त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हक्काचा वाद 2022 मध्ये कोर्टात नेला, म्हणजे तो जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर.

कायदा बाजूला ठेवला तरी एक व्यवहाराची गोष्ट उरते. कथा पहिल्यांदा प्रसिद्ध व्हायची संधी एकदाच येते. इंटरनेटवर फिरलेली कथा अनेक मासिकं आणि प्रकाशक ‘आधीच प्रकाशित’ धरतात आणि घेत नाहीत. उद्या वारसांना नीट संपादन केलेला संग्रह काढावासा वाटला, तर तुमची ती घाईची, पेन्सिल पुसलेली पीडीएफ त्यांच्या वाटेत आडवी येईल.

आणि लेखक हयात असेल तर? हसू नका. अपरिचित लेखक म्हटला की तो मेलेलाच असणार असं आपण गृहीत धरतो. व्हिव्हियन मायर या छायाचित्रकार बाईच्या निगेटिव्ह 2007 मध्ये भाडं थकलेल्या गोदामातून लिलावात विकल्या गेल्या. ती गेली 2009 मध्ये. मधला सगळा काळ ती हयात होती आणि तिचं काम परक्या हातांत फिरत होतं. तेव्हा आधी माणूस शोधा. सापडला तर सरळ भेटा, नाहीतर पत्र लिहा. लिहिताना ‘आम्ही तुम्हाला उजेडात आणणार आहोत’ असला उपकाराचा सूर नको. काही माणसं आयुष्यभर पाच जणांसाठी लिहितात. दरवर्षी एक कथा, ठरावीक स्नेह्यांना टपालानं किंवा ईमेलनं. त्यांना पाच वाचक हवे होते, ते मिळाले, विषय संपला. अशा माणसाला ‘उपेक्षित’ म्हणणं हा आपला गैरसमज आहे. तो ‘नको’ म्हणाला तर ते ‘नको’ मनापासून ऐका. विनय समजून त्याला गळ घालत बसू नका. त्या पाचांपैकी तुम्ही एक असाल, तर तुमची जबाबदारी जास्तच. तुमच्यावर विश्वास टाकून कथा पाठवली होती. ती पुढे ढकलायला नव्हे.

एवढं वाचून कुणीतरी फ्रान्झ काफ्का या लेखकाचं नाव काढणार, ते मला दिसतंच आहे. त्यानं आपल्या पश्चात कागद जाळायला सांगितले, मॅक्स ब्रोडनं जाळले नाहीत, म्हणून जगाला काफ्का मिळाला. मग लेखकाच्या इच्छेचं एवढं काय? पण ब्रोडला ते कागद कुठल्या माळ्यावर सापडले नव्हते. तो काफ्काचा वीस वर्षांचा मित्र होता. ‘मी हे जाळणार नाही’ असं आपण काफ्काला तोंडावर सांगितलं होतं, असं ब्रोडनं स्वतः लिहून ठेवलं आहे. तरीही काफ्कानं कागदांची जबाबदारी त्याच्यावरच टाकली. तुमच्या-माझ्या बाबतीत असं संभाषण झालेलं नाही. शिवाय त्याच ब्रोडनं प्रकरणांचा क्रम लावला, विरामचिन्हं सरळ केली, आणि ते सगळं निस्तरणाऱ्या चिकित्सक आवृत्त्या निघायला 1982 साल यावं लागलं. मित्राच्या हातूनही एवढं होतं.

लेखक नाही, त्याची इच्छा कुठे लिहिलेली नाही, वारस ‘तुम्हीच बघा’ म्हणतात, अशी परिस्थिती सगळ्यात जास्त वेळा येते. तेव्हा माझं मत वाटण्याच्या बाजूनं आहे, आणि ते मी ठामपणे सांगतो. वाटा. पण वारसांचं ‘तुम्हीच बघा’ लेखी घ्या, दोन ओळी का असेनात. मग कथा आधी छापा आणि ‘बाड कसं सापडलं’ हे शेवटी, चार ओळींत उरका. त्या चार ओळींत तुमचं नाव आलं तर बिघडत नाही, पण तुमचा फोटो कशाला? लेखक ज्या नावानं सही करत होता तेच नाव द्या. टोपणनाव असेल तर ते फोडायची घाई करू नका. काय बदललंत, काय गाळलंत, कुठलं अक्षर लागलं नाही, हे खाली प्रामाणिकपणे लिहा. निवडक कथा देत असाल तर किती कथांतून किती निवडल्या ते सांगा. आणि मूळ वह्या तुमच्या दिवाणखान्यात मिरवायला ठेवू नका. एखादं विद्यापीठ किंवा हस्तलिखितं नीट जपणारं ग्रंथालय त्या घ्यायला तयार असेल तर तिथे द्या, आणि वाचायला कुणाला द्याव्यात, छापायला कुणाला, याच्या अटी देतानाच लिहून द्या.

ज्यांची पीडीएफ आधीच फिरते आहे त्यांनी निदान एवढं करावं: ज्यांना ज्यांना पाठवली त्यांना कळवावं की ही कच्ची प्रत आहे, पुढे पाठवू नका, ताडून पाहिलेली प्रत येते आहे. सगळे ऐकणार नाहीत. थोडे ऐकतील. आणि वारसांना ही गोष्ट तिसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

तुमच्यापैकी कुणाला बाडाच्या बाबतीत माझी मदत हवी असेल तर मी आनंदानं करीन. फक्त पहिल्या पत्रात मला तुमची सगळ्यात आवडती कथा कळवू नका. सगळ्यात कंटाळवाणी कोणती वाटली, ती कितव्या पानावर सुरू होते आणि तरीही ती का ठेवावी असं वाटतं, तेवढं लिहा.

आपला,
एक मुद्रितशोधक